कप साच्यातून स्वच्छच निघतो: प्लास्टिक कपाच्या युनिटमध्ये स्वच्छता कशी बसवायची

भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या शेडमध्ये आम्ही दही-श्रीखंडाचे कप करायला लागलो, तेव्हा मशीनबद्दल सगळं शिकून घेतलं होतं. शीट किती जाड हवी, हीटर किती अंशांवर, मिनिटाला किती स्ट्रोक, सगळं तोंडपाठ. स्वच्छतेबद्दल मात्र 'रोज झाडून-पुसून घेऊ' एवढंच ठरलं होतं. चौथ्या महिन्यात एका डेअरीने अख्खी गाडी परत पाठवली. एका कपाच्या तळाशी केस होता. एकच केस, पण तो त्यांच्या भरणीच्या लाइनवर सापडला, आणि बाकीची खोकी त्यांनी उघडूनही पाहिली नाहीत. त्यांचं बरोबर होतं. तो कप उद्या कुणाच्या तरी घरात लहान मुलाच्या हातात जाणार होता.

त्या दिवसापासून जे शिकत गेलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. चाकण, तळवडे, रांजणगाव, सणसवाडी, कुठेही नवीन युनिट टाकत असाल किंवा अशा युनिटमध्ये सुपरवायझर म्हणून नुकते लागला असाल, तर हा क्रम उपयोगी पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा दाणा एक्स्ट्रुडरमध्ये, म्हणजे दाणा वितळवून शीट काढणाऱ्या यंत्रात, २०० अंशांच्या वर तापवून वितळवतात. शीट साच्यावर येते तेव्हाही दीडशे अंशांच्या आसपास तापलेली असते. एवढ्या उष्णतेत बहुतेक जंतू टिकत नाहीत. म्हणजे कप साच्यातून सुटतो त्या क्षणी तो जवळजवळ निर्जंतुक असतो. तिथून खोकं बंद होईपर्यंत त्याला जी घाण लागते ती हवेतून, पाण्यातून, हातांतून आणि कापडातून, म्हणजे आपल्याकडूनच लागते. आणि दाण्यात आधीच मिसळलेली घाण, म्हणजे धातूचा कण, चुकीचा रंग, अनोळखी भंगार, कितीही तापवलं तरी जात नाही. म्हणून लक्ष दोनच ठिकाणी द्यायचं: दाणा आत जाताना आणि कप बाहेर आल्यावर.

१. तुमचा कप कायद्यात बसतो का, ते आधी पाहा

हे स्वच्छतेआधीचं पाऊल आहे, पण इथेच पैसे बुडालेले मी पाहिले आहेत. एकदा वापरून टाकायचे प्लास्टिकचे कप, ग्लास, ताटल्या, चमचे यांचं उत्पादन, साठा, विक्री आणि वापर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. महाराष्ट्राने तर मार्च २०१८ मध्येच स्वतःची प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली होती. चहाचे, पाण्याचे, लग्नातल्या मठ्ठ्याचे सुटे कप करायचा विचार असेल तर तो सोडा.

हा लेख ज्या कपांत दही, श्रीखंड, लस्सी, आइस्क्रीम भरून वर सील किंवा झाकण लावून विकतात, त्या पॅकेजिंगच्या कपांबद्दल आहे. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आधी उभारणीची आणि मग चालवण्याची. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या ईपीआर (म्हणजे आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी) पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. जुन्या मशीनबरोबर 'ऑर्डरी पण देतो' म्हणणारा कुणी भेटला, तर त्या ऑर्डरी कोणत्या कपाच्या आहेत ते कागदावर बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

२. कपाबरोबर एकदा चाला

वही घ्या आणि दाण्याची पोती उतरतात तिथून निघा. पोतं, हॉपर (दाणा ओतायचं नरसाळं), एक्स्ट्रुडर, शीट, हीटर, साचा, कटिंग, थप्पी, कड वळवणं, छपाई, मोजणी, पिशवी, खोकं, गोदाम, गाडी. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं नुसतं उभं राहा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: इथे कपात काय पडू शकतं? कपाला काय चिकटू शकतं? इथे कोण, कशाला हात लावतं?

ऑडिटच्या भाषेत याला धोक्यांचं विश्लेषण म्हणतात. एचएसीसीपीची, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याच्या पद्धतीची, सुरुवात याच कागदाने होते. भौतिक धोके म्हणजे केस, कण, किडे. रासायनिक म्हणजे तेल, शाई, वास. जैविक म्हणजे बुरशी आणि जंतू. सल्लागाराकडून तयार फाइल विकत घेऊ नका. तिच्यात दुसऱ्याच कारखान्याचा नकाशा असतो, आणि ऑडिटरला तो पहिल्या पानावर दिसतो.

आमच्याकडे हे चालणं केलं तेव्हा कळलं की साच्यापासून खोक्यापर्यंत कपाला पाच वेळा हात लागत होता. थप्पी उचलायची पन्हळ आणि टेबलाची जागा बदलून ते दोनवर आणलं. यंत्र नवीन घेतलं नाही, फक्त टेबल सरकवलं.

३. शेड: वरून खाली, बाहेरून आत

शेडमध्ये शिरल्यावर आधी मान वर करा. पत्र्याखालच्या कैच्यांवर साचलेली धूळ, कबुतरांची घरटी, केबल ट्रेवरचा बुरा हे सगळं एक दिवस साच्यावर पडणार असतं. साचा, थप्पी आणि पॅकिंग यांच्यावर खोटं छत करून घ्या. पूर्ण शेडला परवडत नसेल तर तेवढ्याच भागाला करा, पण करा.

दारांचं काम स्वस्तात होतं. शटरखाली रबरी पट्टी लावा. ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहिली की उंदराचं पिल्लू आत येतं. येण्याजाण्याच्या वाटेवर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा हवा. बाहेरचा दिवा पिवळसर ठेवा आणि दारापासून जरा लांब लावा. पांढऱ्या दिव्याकडे पावसाळ्यात किती किडे येतात ते भोसरी-चाकणच्या माणसाला सांगायला नको.

किडे पकडणारा दिवा चिकट कागदाचा घ्या. विजेच्या जाळीचा दिवा किड्याला फोडतो आणि तुकडे उडतात. चिकट कागदाचा दिवाही मशीनच्या किंवा टेबलाच्या वर कधीच लावू नका, आणि बाहेरून दिसेल असाही नको, नाहीतर बाहेरचे किडे तोच आत बोलावतो. उंदरांचं विष फक्त भिंतीबाहेर, कुलूपबंद पेटीत. आत फक्त सापळे आणि चिकट पट्ट्या.

संडासाचं दार उत्पादनाच्या भागात थेट उघडत असेल तर मध्ये एक आडोसा बांधा आणि दोन दारं करा. भाड्याच्या शेडमध्ये मालक भिंत बांधू देत नसेल तर ॲल्युमिनियमचं पार्टिशन चालतं.

४. दाणा, रंग आणि जाळी

दाण्याचं पोतं गाडीत, गोदामात, जमिनीवर सगळीकडे फिरून आलेलं असतं. हॉपरवर न्यायच्या आधी ते बाहेरून पुसा. शिवणीचा दोरा ओढून काढला की तो लगेच डब्यात टाका. हॉपरमध्ये सापडणारी सगळ्यात नेहमीची वस्तू म्हणजे हाच दोरा. हॉपरला झाकण हवंच, आणि घशाशी शक्तिशाली चुंबकाची जाळी हवी. चुंबक रोज काढून पुसायचा आणि त्यावर काय सापडलं ते वहीत लिहायचं. एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चकाकी दिसली, तर ग्राइंडरचं पातं झिजलंय का ते बघा.

दाणा पुरवणाऱ्याकडून पत्र घ्या. पॉलिप्रोपिलीन असेल तर अन्नाशी संपर्कासाठी आयएस (भारतीय मानक) १०९१० प्रमाणे, पॉलिस्टायरीन असेल तर आयएस १०१४२ प्रमाणे. रंगाचा मास्टरबॅच, म्हणजे घट्ट रंगाचा दाणा, असेल तर आयएस ९८३३ मध्ये बसणारी रंगद्रव्यं. प्रत्येक लॉटचा नंबर उतरवून ठेवा.

आता जाळी. शीटमधून गोल कप कापले की जी चाळणीसारखी शीट उरते ती आपण दळून परत वापरतो. आपल्याच मशीनची आणि जमिनीला न लागलेली असेल तर त्यात गैर काही नाही. सापळा असा आहे की रात्रपाळीत झाडलोट करून गोळा केलेले पडके कपही त्याच ग्राइंडरमध्ये जातात. त्यासाठी दोन रंगांचे क्रेट करा. निळ्यात स्वच्छ जाळी. लालमध्ये जमिनीवर पडलेलं, तेल लागलेलं, छपाई झालेलं. लाल क्रेट ग्राइंडरच्या खोलीत जाताच कामा नये, तो भंगारात जातो. बाहेरून विकत घेतलेला 'रिप्रो' दाणा, म्हणजे जुन्या प्लास्टिकपासून केलेला दाणा, खाद्यपदार्थाच्या कपात घालू नका. किलोमागे सुटणारे पैसे बघून मोह होतो, पण त्या दाण्याचा आधीचा जन्म कुणालाच माहीत नसतो.

ग्राइंडर वेगळ्या बंद खोलीत ठेवा. त्याचा बारीक बुरा हवेत तरंगतो आणि प्लास्टिकवर स्थिर विजेने जाऊन बसतो.

५. हवा आणि पाणी

इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण बहुतेक नवीन लोक फरशी चकाचक ठेवतात आणि कंप्रेसरकडे ढुंकून बघत नाहीत.

थर्मोफॉर्मिंगमध्ये, म्हणजे तापलेल्या शीटचा कप करताना, दाबाची हवा शीटला साच्यात ढकलते, म्हणजे ती हवा थेट कपाच्या आतल्या बाजूला लागते, जिथे उद्या दही असणार आहे. साध्या स्क्रू कंप्रेसरच्या हवेत तेलाची वाफ, पाणी आणि पाइपातला गंज असतो. त्यामुळे कंप्रेसरनंतर ड्रायर आणि त्यापुढे तेल अडवणारे बारीक फिल्टर लागतातच. शेवटचा फिल्टर ०.०१ मायक्रॉनचा घ्या आणि शक्यतो मशीनच्या जवळ लावा, कारण मधल्या पाइपातही घाण असते. टाकीचा ड्रेन प्रत्येक पाळीत उघडा. कंप्रेसरमध्ये फूड ग्रेड तेल घाला. महाग असतं, तरी घाला.

तपासायची सोपी रीत: मशीनजवळच्या नळीपुढे पांढराशुभ्र टिश्यू कागद धरून एक-दोन मिनिटं हवा सोडा. पिवळसर डाग आला किंवा ओल दिसली तर फिल्टर संपलाय. हा कागद तारीख टाकून फाइलला लावा. प्रयोगशाळेची तपासणी वर्षातून एकदा-दोनदा होते, हा कागद दर आठवड्याला होतो.

आता पाणी. साचा थंड ठेवायला चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचं, पाणी फिरतं. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेतला दवबिंदू २० अंशांच्या पुढे असतो. साच्यात १२ अंशांचं पाणी फिरवलं तर थंड ताकाच्या लोट्याला बाहेरून सुटतो तसा साच्याला घाम सुटणारच. तो थेंब कपात उतरतो, कपावर कप बसतो, पिशवी बंद होते, आणि पंधरा दिवसांनी ग्राहकाचा फोन येतो की तळाशी काळसर ठिपके आहेत. ती बुरशी असते. दही आणि श्रीखंड आंबट असल्यामुळे पुष्कळ जंतू त्यांत वाढत नाहीत, पण यीस्ट आणि बुरशीला आंबटपणा चालतो. आपल्या मालाचे खरे शत्रू यीस्ट आणि बुरशीच आहेत.

पावसाळ्यात चिलरचं तापमान वाढवा. स्ट्रोक थोडे कमी होतील, ते मान्य करा. जमत असेल तर साच्याभोवती बंदिस्त आवरण करून आत कोरडी हवा सोडा. साच्याच्या पाण्याच्या नळ्या आणि सांधे रोज बघा. गळणाऱ्या सांध्याला सुतळी आणि टेप गुंडाळून पाळी काढण्याची सवय लागू देऊ नका. कूलिंग टॉवरचं पाणी जंतूंचं माहेरघर असतं, आणि त्याचा एक थेंबही कपाजवळ यायला नको.

हिवाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास. हवा कोरडी, त्यामुळे कपांवर स्थिर वीज साचते आणि धूळ, केस, कापडाचे तंतू खेचून घेते. थप्पीच्या आधी आयनायझरची, म्हणजे स्थिर वीज घालवणारी, पट्टी बसवा. ती बसवली की दर आठवड्याला तिच्या सुया साफ करायच्या. सुयांवर धूळ बसलेली पट्टी दिवा लागला तरी काम करत नाही, आणि हे सहा महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

कपावर काळा ठिपका दिसला तर आधी अल्कोहोलच्या कापडाने पुसून बघा. पुसला गेला तर तेल किंवा ग्रीस आहे, साच्याच्या गाइड पिलरकडे (साचा ज्यांवर सरकतो ते खांब) आणि हवेकडे बघा. पुसला गेला नाही तर तो आतलाच आहे, एक्स्ट्रुडरमध्ये जळलेलं प्लास्टिक. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

साच्यात शीट ढकलणारा प्लग झिजतो आणि त्याचा भुगा कपाच्या तळाशी पडतो. दर पाळीला बोट फिरवून बघा.

६. माणसं: नियम सांगण्याआधी सोय करा

दारात हाताने न उघडणारा नळ, साबण आणि कागदी रुमाल ठेवा. साबणाने किमान २० सेकंद हात धुवायचे, पुसायचे, मग ७० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर. ओल्या हातांवर सॅनिटायझर पातळ होतं, म्हणून पुसणं टाळू नका. बाहेरच्या चपला बाहेर, आतल्या वेगळ्या. केसांची जाळी कानांवरून, दाढी असेल तर तिचीही जाळी. ॲप्रनला छातीवर खिसा नको आणि बटणंही नकोत, वाकलं की खिशातलं पेन कपात पडतं.

आता नाजूक भाग. पॅकिंगवर बहुतेक महिला असतात. टिकली, बांगड्या, गजरा, मंगळसूत्र, मनगटावरचा दोरा, यांतली प्रत्येक वस्तू कपात पडू शकते. मी पहिल्या दिवशी भिंतीवर 'दागिने मनाई' अशी पाटी लावली आणि एक मावशी दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. त्यांचं लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, हातात हिरवा चुडा होता. तो काढायला सांगणारा मी कोण, असं त्यांना वाटलं, आणि ते मला आजही लागतं.

नंतर आम्ही सगळ्यांना बसवून, ती परत आलेली गाडी आणि तो केस दाखवून बोललो. मग मार्ग त्यांनीच काढले. प्रत्येकीला नाव घातलेली छोटी डबी आणि लॉकर. टिकली दारात डबीच्या झाकणाला लावायची, घरी जाताना परत कपाळाला. मंगळसूत्र ॲप्रनच्या बंद गळ्याच्या आत. काचेच्या बांगड्या काढणं शक्य नसेल तर त्या दिवसांत खोकी, लेबल, गोदाम असं काम, जिथे उघडा कप नाही. पगार तोच. पुरुषांच्या मनगटावरचे दोरे आणि गंडे यांनाही हाच नियम. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी दाराबाहेरच्या लॉकरमध्ये. मिश्रीही बाहेर.

हे सगळं चहावर अडतं. चारच्या किटलीला माणसं बाहेर जात नाहीत कारण बाहेर बसायला जागा नसते, मग मशीनच्या आडोशाला चहाचे कप लागतात. चार खुर्च्या, एक पत्रा आणि पिण्याच्या पाण्याचा माठ बाहेर ठेवा. वडापावचा कागद शेडमध्ये सापडायचा बंद होतो.

हातमोज्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मोजे घातले की माणसाला वाटतं आता हात स्वच्छ आहेत, आणि तोच मोजा मोबाइलला, नाकाला, जमिनीवरच्या क्रेटला लागतो. ग्राहक मागत असेल तर निळे नायट्राइलचे द्या, म्हणजे फाटलेला तुकडा पांढऱ्या कपात दिसतो, आणि दर दोन तासांनी, प्रत्येक सुट्टीनंतर बदला. थप्पी उचलताना बोटं पहिल्या कपाच्या आत घालायची सवय सगळ्यांना असते. ती मोडायला वेळ लागतो. दोन्ही तळहातांनी बाहेरून धरायचं, रोज सांगायचं.

जुलाब, उलट्या, कावीळ, हातावरची पिकलेली जखम असेल तर उघड्या कपाजवळ काम नाही. हा नियम सगळे छापतात. पण त्या दिवसाची मजुरी कापली तर कुणीही आजार सांगणार नाही. त्या माणसाला घरी पाठवा किंवा दुसरं काम द्या, पण मजुरी कापू नका. जखमेवर निळी पट्टी लावा, आणि पट्ट्या मोजून द्या.

७. छपाई: कपाचं बाहेर म्हणजे दुसऱ्या कपाचं आत

नवीन माणसाला हे उशिरा लक्षात येतं. कप एकात एक बसतात. एका कपाची छापलेली बाहेरची बाजू दुसऱ्याच्या आतल्या बाजूला टेकते, आणि त्या आतल्या बाजूला दही लागणार असतं. त्यामुळे 'बाहेरूनच तर लागलंय' हे वाक्य आपल्या शेडमध्ये चालत नाही.

शाई नीट वाळली नाही तर ती पुढच्या कपाच्या आत उमटते. यूव्हीने (अतिनील प्रकाशाने) वाळणारी शाई असेल तर दिव्याचे तास मोजा, दिवा जळतोय म्हणजे वाळवतोय असं नाही. पाळीच्या सुरुवातीला आणि नंतर दर तासाला पारदर्शक चिकटपट्टी छपाईवर दाबून झटक्यात काढा. पट्टीवर रंग आला की लाइन थांबवा. मग थप्पीतला एक कप घेऊन त्याची आतली बाजू पांढऱ्या कापडाने पुसा. शाई पुरवणाऱ्याकडून आयएस १५४९५ चं पत्र घ्या. उघडा थिनर, चिंध्या आणि शाईचे डबे कपांपासून लांब, झाकणाच्या डब्यात.

८. साफसफाई, आणि शुक्रवारची सकाळ

प्लास्टिक वास धरून ठेवतं. फिनेल, सुगंधी लादी-पाणी, उदबत्ती, ऑइल पेंट, यांतलं काहीही कपाच्या हवेत आलं की श्रीखंडात उतरतं. लादीला बिनवासाचं साबण-पाणी वापरा. मशीनवर शक्यतो सुकी सफाई. कंप्रेसरची नळी घेऊन धूळ उडवू नका, ती धूळ दहा मिनिटांनी साच्यावरच बसते. व्हॅक्यूम क्लीनर घ्या. साचा पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे तंतू सुटतात. तंतू न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पण हीटर बंद करून, थंड होऊ देऊन आणि मेन स्विचला कुलूप लावून. तापलेल्या हीटरजवळ अल्कोहोलने आग लागते. ब्रश, फडकी, बादल्या यांना रंग ठरवा: संडासाचे लाल, फरशीचे पिवळे, कपाला लागणाऱ्या जागांचे निळे.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. वर्षभराच्या तक्रारी एका कागदावर मांडल्या तेव्हा दिसलं की त्यांतला मोठा वाटा शुक्रवारच्या लॉटचा होता. कारणं शोधली तर सरळ होती. बंद शेडमध्ये दीड दिवस धूळ साच्यावर बसलेली. हवेच्या पाइपात पाणी साठलेलं. एक्स्ट्रुडरच्या बॅरलमध्ये (तापणाऱ्या नळकांड्यात) राहिलेलं प्लास्टिक जळलेलं. आणि सकाळी सगळ्यांना उत्पादन चालू करायची घाई.

म्हणून सुट्टीनंतरची, किंवा लांब वीज गेल्यानंतरची, सुरुवात अशी करा: आधी वरच्या आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांची धूळ काढा, मग हवेचे ड्रेन उघडा, साचा पुसा, बॅरल नवीन दाण्याने धुऊन काढा, रंग आणि ठिपके निवळेपर्यंतचा माल लाल क्रेटमध्ये टाका. सुपरवायझरने सही केल्यावरच पहिली पिशवी भरायची. हा 'सुरुवातीची परवानगी' कागद साधा आहे, पण त्या वर्षी दुसऱ्या कशानेही एवढा फरक पडला नाही.

खंडेनवमीला यंत्राची पूजा आम्ही करतोच, मनापासून करतो. मशीन पूर्ण बंद आणि थंड. साच्यावर प्लास्टिकची शीट अंथरून. झेंडूची माळ आणि कुंकू कंट्रोल पॅनेलवर, साच्यावर आणि पन्हळीत नाही. नारळ दाराबाहेर. उदबत्तीही बाहेरच. तयार माल आधीच झाकून गोदामात. संध्याकाळी फुलं उचलायची आणि पाकळ्यांसाठी मशीनखालून व्हॅक्यूम फिरवायचा, मग वरची सुरुवातीची परवानगी.

९. काच, ब्लेड, पिना

ट्यूबलाइटला न फुटणारं आवरण. घड्याळाची काच, गेजची काच, पारदर्शक गार्ड यांची यादी करून दर आठवड्याला शाबूत आहेत का ते बघा. तुकडे मोडत जाणारा कटर शेडमध्ये आणू नका. एकसंध ब्लेडची सुरी नंबर घालून द्या आणि पाळी संपताना परत घ्या. स्टेपलरच्या पिना, टाचण्या आणि टोपणवाली पेनं आत नकोत.

१०. पॅकिंग आणि गोदाम

थप्पी आधी फूड ग्रेड पिशवीत, पिशवी बंद, मगच खोक्यात. खोकी दुसऱ्या खोलीत घडी उघडून तयार करा, पुठ्ठ्याचा बुरा फार उडतो. अर्धी भरलेली पिशवी जेवणाच्या सुट्टीत उघडी राहते, तिचं तोंड मुडपून ठेवायचा नियम करा. गोदामात प्लास्टिकचे पॅलेट, भिंतीपासून हातभर अंतर, म्हणजे मागे उंदीर बघता येतो. गाडी भरायच्या आधी तिचा तळ आणि वास तपासा. कालच्या फेरीत खत किंवा मसाला आलेली गाडी परत पाठवा, भाडं गेलं तरी चालेल.

११. कागद आणि तपासण्या

एफएसएसएआयचे (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) पॅकेजिंग नियम २०१८ चे आहेत आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. त्यांनुसार अन्नाला थेट लागणाऱ्या पॅकेजिंगसाठी तुमच्या ग्राहकाला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे कप नियमांत बसतो असा दाखला, लागतं, म्हणून ते तो तुमच्याकडे मागणार. त्यात मुख्य तपासणी आयएस ९८४५ प्रमाणे मायग्रेशनची, म्हणजे कपातून अन्नात किती द्रव्य उतरतं याची. मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. नमुना देताना कपात काय भरणार ते प्रयोगशाळेला सांगा. दह्यासारख्या आंबट पदार्थासाठी ३ टक्के ॲसिटिक आम्लात तपासणी होते. 'पाण्यात पास' असलेला अहवाल दह्याच्या कपाला उपयोगाचा नाही. कोरा कप नको, छपाई आणि रंग असलेला तयार कप द्या.

फाइलमध्ये हे ठेवा:

- प्रदूषण मंडळाची संमती आणि ईपीआर नोंदणी
- दाणा, रंग, शाई, पिशवी यांच्या पुरवठादारांची पत्रं, लॉट नंबरांसह
- मायग्रेशनचा अहवाल आणि अनुरूपता प्रमाणपत्र
- पाण्याची तपासणी, कप आणि टेबलावरचे स्वॅब (पुसून घेतलेले नमुने), त्यात यीस्ट-बुरशीची मोजणी
- कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षणाच्या सह्या
- किडे-उंदीर नियंत्रणाचा नकाशा आणि भेटींच्या नोंदी
- काच, ब्लेड आणि चुंबकाच्या वह्या
- साफसफाई आणि सुरुवातीच्या परवानगीचे तक्ते
- तक्रारींची वही, प्रत्येक तक्रारीचं कारण आणि उपाय

मोठे ग्राहक पुढे जाऊन आयएसओ २२००० किंवा एफएसएससी २२००० ही अन्न सुरक्षेची प्रमाणपत्रं मागतात. पॅकेजिंग उत्पादनासाठीच्या मूलभूत अटी आयएसओ २२००२ मालिकेच्या चौथ्या भागात आहेत. पहिल्या वर्षी प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. वर लिहिलेलं सहा महिने नीट चालवा, वह्या आपोआप भरतात, मग अर्ज करा. एका दिवसात, एकाच पेनाने भरलेला महिन्याचा तक्ता कुणालाही ओळखता येतो.

१२. माग काढून पाहा

प्रत्येक खोक्यावर तारीख, पाळी, मशीन आणि साच्याचा नंबर हवा. प्रत्येक लॉटचे थोडे कप पिशवीत बंद करून जपून ठेवा, निदान त्यात भरल्या जाणाऱ्या पदार्थाची मुदत संपेपर्यंत.

मग एखाद्या दिवशी कुणाला न सांगता गोदामातलं कुठलंही एक खोकं उचला. त्यात कोणत्या लॉटचा दाणा आहे, जाळी किती टक्के होती, शाई कोणती, पॅकिंगवर कोण होतं, त्या पाळीत हवेचा कागद स्वच्छ होता का, आणि त्याच लॉटची बाकीची खोकी आज कुठल्या ग्राहकाकडे किती आहेत, हे सगळं दोन तासांत कागदावरून निघालं पाहिजे. पहिल्या वेळी आम्हाला पूर्ण दिवस लागला आणि अकरा खोक्यांचा हिशेब लागलाच नाही. ती गोदामाच्या कोपऱ्यात लेबल न लावता ठेवलेली सापडली. तुमच्या पहिल्या महिन्यातच हे एकदा करा, आणि खोकं शुक्रवारचं घ्या.